छप्पन्नावा क्रमांक

खेळांविषयी या सदरात आम्ही क्वचितच लिहितो, आणि गोल्फ या खेळाविषयी तर आजवर एक अक्षरही लिहिलेले नाही. आमच्या लाखनीच्या पंचक्रोशीत त्याचे मैदान नाही. आषाढ लागला की येथील मनुष्याचे सारे चित्त पऱ्हे, रोवणी आणि तलावात चढणारे पाणी यांकडे लागलेले असते; हिरवळ म्हटली म्हणजे आमच्या डोळ्यांपुढे धानाच्या बांध्या उभ्या राहतात, चेंडू घरंगळावा म्हणून मुद्दाम कातरलेले गवत नव्हे. तथापि ज्या एका आठवड्याची हकीकत आज सांगावयाची आहे, तिच्यावरून आमच्या घरी जी चर्चा झाली, ती आमच्यासारख्या इतर कुटुंबांतही व्हावी असे आम्हांस मनापासून वाटले. म्हणून हा प्रपंच.

हकीकत २०२१ सालची आहे. महामारीमुळे एक वर्ष लांबणीवर पडलेले टोकियो येथील ऑलिंपिक सामने त्या वर्षी भरले. गोल्फ हा खेळ १९०४ नंतर ऑलिंपिकमधून नाहीसा झाला होता; तो ११२ वर्षांनी, २०१६ साली, पुन्हा दाखल झाला. टोकियोच्या वेळी पुरुषांच्या स्पर्धेत जगातील साठ खेळाडूंस स्थान होते. त्यांत भारताचे दोघे : एक अनिर्बान लाहिरी, आणि दुसरे आमच्या महाराष्ट्राचे, पुण्याचे उदयन माने. श्री. माने यांचे नाव प्रारंभी त्या साठांत नव्हतेच. अर्जेंटिनाचे एमिलियानो ग्रिलो यांनी माघार घेतली, एक जागा रिकामी झाली, आणि स्पर्धा अगदी तोंडावर आली असता ती जागा माने यांजकडे आली. गुरुवार, २९ जुलैपासून रविवार, १ ऑगस्टपर्यंत असे चार दिवस ते टोकियोनजीकच्या कासुमिगासेकी येथील मैदानावर खेळले, आणि साठांमध्ये छप्पन्नावे आले.

एवढे सांगून थांबलो तर पुष्कळ वाचक पान उलटतील. छप्पन्नाव्याची कथा ऐकण्याची आपणांस सवय नाही. परंतु त्या चार दिवसांचा हिशेब जरा नीट मांडून पाहावा, अशी आमची विनंती आहे. आणि हिशेब मांडण्यापूर्वी खेळाची रीत दोन शब्दांत सांगणे अवश्य आहे.

विटीदांडूत टोला जितका लांब तितके गुण अधिक. गोल्फमध्ये गणित उलटे आहे. लोखंडी काठीने चेंडू मारीत मारीत शेवटी तो जमिनीतील सव्वाचार इंच रुंदीच्या एका खळीत घालावयाचा. अशा खळ्या, म्हणजे ‘होल’, एकंदर अठरा. जितके फटके लागतील तितके मोजावयाचे, आणि ज्याचा आकडा सर्वांत कमी तो श्रेष्ठ. निष्णात खेळाडूस अठरा होलांना मिळून किती फटके पुरावेत याचा एक आकडा प्रत्येक मैदानासाठी ठरलेला असतो, त्यास ‘पार’ म्हणतात. कासुमिगासेकीचा पार ७१, आणि एका फेरीत चालावयाचे अंतर चार मैलांहून अधिक. चार दिवसांच्या चार फेऱ्या, म्हणून चारांचा पार २८४. या खेळात समोरून कोणी चेंडू टाकीत नाही, कोणी पाय अडवीत नाही. चेंडू आपल्या जागी स्वस्थ पडलेला असतो. तो वाळूत गेला, झुडपात गेला वा पाण्यात बुडाला, तर दोष देण्यास दुसरा मनुष्य जवळपास नसतो.

आता माने यांचे आकडे पाहू. पहिल्या दिवशी ७६, दुसऱ्या दिवशी ६९, तिसऱ्या दिवशी ७०, चौथ्या दिवशी ७२, एकूण २८७. सुवर्णपदक मिळविणारे अमेरिकेचे झँडर शॉफले यांची बेरीज २६६. दोहोंतील अंतर २१ फटक्यांचे. हे अंतर चार दिवसांच्या ७२ होलांवर वाटले असता सुमारे साडेतीन होलांमागे एक फटका पडतो. जगातील पहिला आणि छप्पन्नावा यांच्यामध्ये एवढेच काय ते अंतर! तरीही ते लहान नाही, हेही खरेच. कारण तो एक फटका कमी करण्यात या लोकांची उमर जाते.

परंतु आमचे लक्ष वेधले ते बेरजेने नव्हे, तर आकड्यांच्या क्रमाने. पहिल्या दिवशी पारापेक्षा पाच फटके अधिक लागले. त्याच दिवशी ऑस्ट्रियाचे सेप श्ट्राका यांनी ६३ फटक्यांत फेरी पुरी केली होती. म्हणजे एका दिवसात तेरा फटक्यांची पिछाडी. पदकाची आशा गुरुवारीच मावळल्यासारखी झाली. महामारीमुळे मैदानाच्या कडेला प्रेक्षक नव्हते, तेव्हा टाळ्यांचा आधारही नव्हता. अशा स्थितीत शुक्रवारी सकाळी उठून पुन्हा तेच चार मैल चालावयाचे होते. दुसऱ्याच्या मनात शिरून लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु आकडे बोलतात ते असे : उरलेल्या तीन दिवसांची बेरीज २११, आणि त्या तीन दिवसांचा पार २१३. म्हणजे एक गुरुवार वजा केला तर पुढील तिन्ही दिवस मिळून हा मनुष्य पारापेक्षा दोन फटके सरसच खेळला. ही गोष्ट छप्पन्न या आकड्यात कोठेही दिसत नाही.

पहिला दिवस बिघडला म्हणजे सारे संपले असेही नसते. त्याच स्पर्धेत तैवानचे सी. टी. पॅन यांस पहिल्या दिवशी ७४ फटके लागले होते, माने यांच्यापेक्षा अवघे दोन कमी. पुढे त्यांनी ६६, ६६ आणि ६३ असे आकडे केले. तिसऱ्या जागेवर सात खेळाडू सारख्याच बेरजेने येऊन ठेपले; त्या सातांची पुन्हा कसोटी झाली आणि कांस्यपदक पॅन यांस मिळाले. उलटपक्षी, पहिल्या दिवशी सर्वांच्या पुढे असलेल्या श्ट्राका यांचे नाव पदकांच्या यादीत नाही. गुरुवारी पुढारलेला रविवारी मागे राहतो आणि गुरुवारी अडखळलेला पुढे सरतो, हे जेथे चार दिवसांत घडते, तेथे आयुष्याविषयी आपण इतक्या घाईने निकाल का द्यावेत?

आमच्या पुतण्याचा मुलगा यंदा नववीत आहे. त्यास आम्ही हे सारे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “आबा, साठांत छप्पन्नावा म्हणजे नापासच की!”

आम्ही उत्तर जुळवीत होतो, तोच भाजी निवडीत बसलेल्या आमच्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, “दुसऱ्या दिवशी उठून खेळायला गेला ना रे, बाळा? मग नापास कसा झाला?”

वहिनींचे शिक्षण चौथीपर्यंतचे. गोल्फ त्यांनी कधी पाहिलेला नाही. परंतु एवढ्या मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाक बिघडलेल्या दिवसानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा चूल पेटवणे म्हणजे काय, हे त्यांना पन्नास वर्षे ठाऊक आहे.

जो मनुष्य गोल्फवरच पोट भरतो, त्यास हा दुसरा दिवस वर्षात अनेकदा भेटतो. ऑलिंपिकमध्ये साठही जणांस चारही दिवस खेळण्याची मुभा होती; व्यावसायिकांच्या नेहमीच्या बहुतेक स्पर्धांत तसे नसते. दोन फेऱ्या झाल्या की रेषा ओढली जाते. तिच्या खाली राहिलेल्यांनी शुक्रवारी संध्याकाळी सामान बांधावयाचे. बक्षिसाचा पैसा सहसा नाही. प्रवास, मुक्काम आणि पिशवी वाहणाऱ्या कॅडीचे वेतन मात्र स्वतःच्या खिशातून. अमेरिकेचे जॅक निक्लॉस यांनी या खेळातील चार महास्पर्धा मिळून १८ विजय मिळविले, तेवढे कोणीही मिळविलेले नाहीत; पण त्याच महास्पर्धांत ते १९ वेळा दुसरे आले, हे फार थोड्यांस ठाऊक असते. ज्या धंद्यात सर्वश्रेष्ठाच्याही पदरी विजयांपेक्षा दुसरे क्रमांकच अधिक पडतात, तेथे पराभव पचविण्याची विद्या धुळाक्षरांप्रमाणे पहिल्याने शिकावी लागते.

आता ज्या कारणासाठी हा विषय आम्ही हाती घेतला त्याकडे वळतो. या खेळात खेळाडूच्या मागे पंच धावत नाहीत. प्रत्येकाचे फटके त्याच्याबरोबर खेळणारा सोबती एका पत्रकावर टिपतो. फेरी संपली की खेळाडूने ते होलागणिक तपासून खाली सही करावयाची. एकदा सही करून पत्रक दिले की जबाबदारी सर्वस्वी त्याची. खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहिला गेला असेल तर सामान्यतः तो स्पर्धेतून बाद होतो. अधिक लिहिला गेला असेल तर तो अधिकच कायम धरला जातो. शिवाय आपल्या हातून नियमभंग झाला तर तो आपणच सांगावयाचा आणि दंडाचा फटका आपणच आपल्या नावे मांडावयाचा. धर्मशास्त्रकारांनी मनुष्याच्या अंतरात्म्यास साक्षी म्हटले आहे. तो साक्षी येथे रोज बोलावला जातो आणि त्याची जबानी लेखी घेतली जाते.

याची दोन उदाहरणे जगप्रसिद्ध आहेत. १९२५ साली अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स यांचा चेंडू फटक्याची तयारी करताना गवतात किंचित हलला. तो हलताना दुसऱ्या कोणीही पाहिला नव्हता. जोन्स यांनी आपण होऊन दंडाचा एक फटका स्वतःवर लावून घेतला. स्पर्धेअखेर त्यांची आणि विली मॅकफार्लेन यांची बेरीज सारखी भरली, पुन्हा खेळावे लागले आणि जोन्स एका फटक्याने हरले. तो एक फटका त्यांनी लपविला असता तर पुन्हा खेळण्याचा प्रसंगच येता ना. दुसरे उदाहरण १९६८ सालचे. अर्जेंटिनाचे रॉबेर्तो दे व्हिसेन्सो यांनी मास्टर्स या महास्पर्धेच्या अखेरच्या दिवशी, तोही त्यांचा पंचेचाळिसावा वाढदिवस, फार सुंदर खेळ केला. सतराव्या होलास त्यांस तीन फटके लागले असता सोबत्याने पत्रकावर चार लिहिले. दे व्हिसेन्सो यांनी ते न तपासता सही केली. नियमाप्रमाणे चारच धरले गेले, आणि ज्या बॉब गोल्बी यांच्याशी बरोबरी झाली होती, तेच एका फटक्याने विजयी ठरले. सारे जग तीन म्हणत असता सहीखाली चार राहिले. नियम कठोर खरा. परंतु सहीची किंमत काय असते हे त्यावरून कळते.

ही सही वाचली की आम्हांस दुसरी एक सही आठवते. आमची हयात मास्तरकीत गेली. प्रगतिपुस्तकावर बापाच्या सहीच्या जागी मुलाने स्वतःच केलेली सही आम्ही किती वेळा ओळखली असेल, त्याची गणती नाही. एक मुलगा विशेष ध्यानात राहिला आहे. घर सुशिक्षित, थोरला भाऊ दर वर्षी पहिला. याने गणिताचा आकडा पात्याने खरवडून त्यावर दुसरा लिहिला आणि खाली वडिलांची सही केली. अक्षर इतके सुरेख वठविले होते की शाई वेगळी नसती तर ते ध्यानातही न येते. आम्ही त्यास एकीकडे घेऊन विचारले, “का रे केलेस?” तो म्हणाला, “सर, पुस्तक दाखवले की घरात दोन दिवस कुणीच बोलत नाही.” मार मिळतो असे तो म्हणाला नाही. कुणी बोलत नाही, एवढेच.

वाचकहो, मुलास खोटे बोलण्याची उपजत आवड नसते. खरे सांगितल्यावर घरात जागा उरत नाही असे त्यास वाटले म्हणजे तो खोट्याचा आश्रय करतो. एकत्र कुटुंबात तर ही आपत्ती दुणावते. निकालाच्या दिवशी एकाच माजघरात चार चुलतभावंडांची चार पुस्तके उघडली जातात. ज्याचे नव्वद टक्के त्याच्या नावाने पेढे वाटले जातात; ज्याचे साठ त्याची आई त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. जावाजावांमध्ये जे अढीचे बीज पडते ते पुष्कळदा अशा पेढ्यांच्या पुड्यातूनच पडते. गेल्या वर्षी चाळीस टक्के मिळविणारा यंदा साठांवर कसा चढला, कोणत्या विषयात अडखळून पुन्हा उभा राहिला, हे विचारणारा घरात एकही मनुष्य नसावा, ही आम्हांस त्या कमी गुणांपेक्षा मोठी नापासी वाटते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हा श्रीमंतांचा खेळ. शे-दीडशे एकर जमीन आणि पाणी त्यापायी गुंतते, त्याचे गोडवे आमच्यासारख्याने का गावेत? आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. जेथे बांधीला पाणी मिळावे म्हणून रात्री जागाव्या लागतात, तेथे तो मनात येणारच. तथापि या खेळात नावारूपास आलेले सारेच श्रीमंतांघरचे नव्हेत. १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक अली शेर हे दिल्लीच्या मैदानावर दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारे कॅडी होते. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे खेळलेले शिवशंकर चौरसिया हे कलकत्त्याच्या रॉयल क्लबातील हिरवळ राखणाऱ्या माळ्याचे चिरंजीव. मैदान श्रीमंतांचे असले तरी चेंडू कुळ विचारीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अशा बोधाने मुले मध्यमपणावरच संतुष्ट होतील, पहिले येण्याची ईर्षाच मरेल, असे पुष्कळ वडीलधारे म्हणतील. आमचा अनुभव निराळा आहे. खाशाबा जाधव हे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते कुस्तीत सहावे आले. सहाव्याचे सोहळे होत नसतात. परंतु त्या सहाव्या क्रमांकातूनच १९५२ सालचे हेलसिंकीचे कांस्यपदक निघाले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सहाव्यास कोणी ‘घरी बस’ म्हटले असते आणि त्याने ऐकले असते, तर तिसरा जन्मासच न येता. बंगळूरच्या अदिती अशोक यांचेही पाहावे. २०२१ साली, माने यांच्या पाठोपाठच्याच आठवड्यात, त्याच मैदानावर महिलांच्या स्पर्धेत त्या चौथ्या आल्या. त्यांची बेरीज २६९, आणि पदक २६८ वर. एका फटक्याने पदक गेले. त्यांची पिशवी वाहत होती त्यांची आई. चार दिवस मुलीच्या बरोबरीने चालून, शेवटच्या होलानंतर पदकावाचून परतताना ती माउली तिच्या शेजारीच होती. आमच्या घरांतील आयांनी आणि काकूंनी, बापांनी आणि आजोबांनी मुलांची पिशवी वाहावी ती अशी. फटका त्यांचा त्यांनीच मारावयाचा, आकडा त्यांचा त्यांनीच लिहावयाचा. आपण बरोबर चालावयाचे.

आमच्या घरी आता एक लहानसा पायंडा पडला आहे, तो सांगून पुरे करतो. परीक्षेची पुस्तके हाती येण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपल्या वहीत तीन ओळी लिहावयाच्या : आपण काय बरे केले, काय चुकले, आणि चुकल्यानंतर दुसऱ्या दिवशी काय केले. खाली सही मुलाची स्वतःची. ती वही घरातल्या कोणीही वडीलमाणसाने मुलाने दाखविल्यावाचून उघडावयाची नाही. प्रथम पोरे हसली; नंतर लिहू लागली. नववीतल्या चिरंजीवांनी परवाच्या चाचणीनंतर आपण होऊन वही आमच्यापुढे आणून ठेवली. इंग्रजीत गुण बेताचेच होते. तिसऱ्या ओळीत लिहिले होते : “दुसऱ्या दिवशी चुकलेले सगळे शब्द पुन्हा लिहून काढले.” वहिनींनी त्यास त्या संध्याकाळी पुरणाची पोळी वाढली. पोळी कशाबद्दल, हे त्याने विचारले नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही.